मिठाचा वास

एकदा एका कर्करोग रुग्णालयात एक तरुण डॉक्टर शिकायला आली. बुद्धी तल्लख, हात स्वच्छ, अक्षरही वाचता येण्यासारखं, म्हणजे डॉक्टरांच्या मानाने नवलच. पण तिचा खरा गुण वेगळा होता. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. वसतिगृहाच्या खाणावळीत वरणावर फेस का येतो इथपासून एकाच औषधाने एकाचे केस जातात आणि दुसऱ्याचे का राहतात इथपर्यंत तिला सगळ्याचं कुतूहल. बरोबरीचे डॉक्टर तिला चिडवायचे, पण अडलं की तिच्याकडेच यायचे.

त्या रुग्णालयात एक वृद्ध शल्यविशारद होते. सगळे त्यांना ‘थोरले सर’ म्हणत. वय सत्तरीच्या पुढे, निवृत्त होऊन काळ लोटलेला, तरी रोज सकाळी वॉर्डात हजर. शस्त्रक्रिया आता करत नसत. रुग्णांना भेटत आणि शिष्यांना शिकवत. बोलणं मोजकं, आणि त्यातही निम्मं थट्टेचं.

तीन महिने झाल्यावर त्या शिष्येने एकदा त्यांना गाठलं. “सर, एक विचारू? आपण इथे नक्की करतो काय? काही रुग्ण बरे होतात, ते मला समजतं. पण जे होणार नाहीत हे आपल्याला पहिल्या दिवशीच दिसत असतं, त्यांच्यासाठी मी धावपळ करते त्याला अर्थ काय?”

थोरले सर म्हणाले, “प्रश्न चांगला आहे. मलाही पुरतं उत्तर सापडलेलं नाही. तुला सापडलं तर मला सांगायला विसरू नकोस.”

तिला वाटलं, सरांनी टोलवलं. ती थोडी हिरमुसली आणि कामाला लागली.

तिच्या वॉर्डात तुळशीराम खेमनर नावाचा एक रुग्ण होता. संगमनेरच्या पुढच्या एका खेड्यात त्याची पिठाची गिरणी. पस्तीस वर्षं तंबाखू-चुना दाढेला धरलेला. त्याचं जे व्हायचं ते झालं. शस्त्रक्रियेत जबड्याची एक बाजू गेली आणि जिभेचा बराचसा भाग गेला. त्याबरोबर बोलणं गेलं, चवही गेली. नाकातून पोटात एक नळी घातलेली, तिच्यातून पातळ अन्न द्यायचं. काही सांगायचं असेल तर उशाशी एक पाटी होती. पण गिरणीवाल्याला आकडे लिहायची सवय, अक्षरांची नाही, त्यामुळे पाटी बहुधा कोरीच असे.

त्याची बायको कौसाबाई रुग्णालयालगतच्या धर्मशाळेत राहायची. तिथे नातेवाइकांसाठी एक सामायिक स्वयंपाकघर होतं. कौसाबाई रोज तिथे रांग लावून शेगडी मिळवायची, पिठलं किंवा मुगाची आमटी करायची, त्यात भाकरी कुस्करायची, मग पुन्हा मिक्सरच्या रांगेत उभी राहायची. ते सगळं गाळून, झाकून, बरोबर साडेबाराला वॉर्डात आणायची.

आणि मग रोज एक विलक्षण गोष्ट घडायची. नळीत अन्न ओतण्याआधी ती झाकण काढून पातेली नवऱ्याच्या नाकापाशी धरायची. तुळशीराम डोळे मिटून वास घ्यायचा. क्षणभर विचारात पडल्यासारखं करायचा. मग कधी दोन बोटं चिमटीसारखी चोळून दाखवायचा, की ती पदराच्या गाठीतून पुडी सोडून चिमूटभर मीठ टाकायची. बहुतेक वेळा मात्र तो एक बोट वर करायचा. बरोबर आहे. मगच सिरिंज भरायची.

शिष्येने हे आठ दिवस पाहिलं. तिला चैन पडेना. आधी तिला वाटलं, अन्न फार गरम तर नाही ना हे बघत असतील. मग वाटलं, देवाला नैवेद्य दाखवतात तसा काही प्रकार असेल. नवव्या दिवशी तिने विचारलंच.

“मीठ बघत्यात,” कौसाबाई म्हणाली.

“वासावरून?”

“व्हय.”

शिष्येचे डोळे चमकले. आपण असतो ना, तसेच विद्वानही असतात. समोर चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. तिने अगदी आपुलकीने, हसतमुखाने, दोघांना ऐकू जाईल असं सांगितलं, “अहो, पण मिठाला वासच नसतो! नाकाला ते कळणारच नाही. काका अंदाजे सांगतात. आणि एवढं सगळं करेपर्यंत अन्न गार होतं.” तिने आहारतज्ज्ञांकडून एक प्लास्टिकचा चमचा आणून दिला. “सपाट एक चमचा टाकायचा. तेवढंच लागतं शरीराला. आता काकांना त्रास द्यायची गरज नाही.”

आजूबाजूच्या खाटांवरचे दोघे-तिघे हसले. कौसाबाईने चमचा घेतला.  शिष्येला मात्र दिवसभर समाधान वाटत राहिलं, की आज आपण कुणाचं तरी काम हलकं केलं.

दुसऱ्या दिवशी कौसाबाईने मापून मीठ टाकलं आणि पातेली नाकापाशी न नेता थेट सिरिंज भरली. तुळशीरामने अर्ध्यावर हात आडवा केला. त्याच्या पुढच्या दिवशी पाव भागावरच. तिसऱ्या दिवशी त्याने नळी चिमटीत दाबून धरली आणि भिंतीकडे तोंड केलं. चौथ्या दिवशीही तेच.

आता इथे घोळ असा होता, की सोमवारपासून तुळशीरामचं रेडिएशन सुरू व्हायचं होतं. वॉर्डात सगळे त्याला ‘शेक’ म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू झाला पाहिजे, नाहीतर राहिलेला रोग डोकं वर काढतो. त्यासाठी चेहऱ्याच्या मापाचा एक साचा बनवतात. तो चेहऱ्यावर घट्ट बसला तरच किरण नेमक्या जागी पडतात. तुळशीरामचा साचा तयार होता. पण माणूसच असा वाळत चालला तर चेहरा साच्यात खुळखुळणार, मग सगळं पहिल्यापासून, आणि तेवढा अवधी हातात नव्हता. वजन एक्कावन्नवरून अठ्ठेचाळीसवर आलं.

शिष्येने सगळ्या तपासण्या केल्या. नळी सरकलेली नव्हती. ताप नव्हता. पोट मऊ होतं, रक्तात दोष नव्हता. तिने तुळशीरामला समजावलं, आकडे सांगितले, शेकाची तारीख सांगितली, थोडं रागावूनही पाहिलं. कौसाबाई खाटेच्या पायथ्याशी नुसती उभी. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही, आणि शिष्येला ते जास्त टोचलं. कारण सापडत नव्हतं. ज्या मुलीला वरणावरच्या फेसाचंही कारण ठाऊक होतं, तिला आपला रुग्ण उपाशी का राहतोय हे कळत नव्हतं. फाईलमध्ये तिने लिहिलं, ‘रुग्ण सहकार्य करीत नाही.’

शुक्रवारी थोरल्या सरांची फेरी होती. मागे दहा-बारा शिष्य, हातात वह्या. सर तुळशीरामच्या खाटेशी आले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते आणि कौसाबाई पातेली घेऊन उभी होती. शिष्येने माहिती सांगितली: वजन, रक्त, नाकारलेलं अन्न. सरांनी ऐकून घेतलं. फाईलमधली ती ओळ वाचली. त्याआधीच्या पानावर तिनेच केलेली ‘वास घेणे बंद, मीठ चमच्याने’ ही नोंदही वाचली. मग त्यांनी जे केलं ते पाहून सगळे चक्रावले.

त्यांनी कौसाबाईच्या हातून पातेली घेतली. झाकण काढलं. चष्मा कपाळावर सारला, डोळे मिटले आणि एक दीर्घ श्वास घेतला. संपूर्ण वॉर्ड बघत होता. मग ते गंभीरपणे म्हणाले, “कौसाबाई, आज मीठ कमी पडलंय.”

मागच्या रांगेतल्या कुणाला तरी हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. शिष्येचे कान लाल झाले. ज्यांच्या हाताखालून शेकडो डॉक्टर शिकून गेले ते सर, मिठाचा वास घेतायत!

भिंतीकडे तोंड करून पडलेला तुळशीराम हलला. मान वळवून त्याने सरांकडे पाहिलं. मग हात पुढे केला. सरांनी पातेली त्याच्या नाकापाशी धरली. त्याने वास घेतला, एकदा, मग पुन्हा एकदा. कपाळावर आठी पडली. गिरणीवर येऊन कुणी त्याला बाजरी कशी दळायची हे शिकवावं, तसा चेहरा केला आणि जोरात मान हलवली. नाही! आणि एक बोट वर केलं. ताठ.

“बरोबर आहे म्हणता?” सरांनी विचारलं.

बोट तसंच वर.

“मग तुमचंच खरं. मला सर्दी झालीय, माझ्या नाकाचा भरवसा नाही.” त्यांनी पातेली कौसाबाईला दिली. “भरा सिरिंज.”

कौसाबाईने सिरिंज भरली, एक थेंब सांडला नाही. तुळशीरामने सगळं घेतलं आणि वर पाण्याची सिरिंजही घेतली. सर तोवर पुढच्या खाटेशी गेले होते.

फेरी संपताच शिष्येने त्यांना जिन्यात गाठलं. “सर, मिठाला वास नसतो.”

“असं?”

“सर, थट्टा नको. आपल्याला सर्दीही झालेली नाही. आपण रुग्णाशी खोटं बोललात. मी त्यांना खरं सांगितलं तर ते उपाशी राहिले, आणि आपण खोटं सांगितलंत तर जेवले. असं का? मला कारण समजलं पाहिजे.”

थोरले सर एक पायरी खाली उतरले, थांबले. “चार दिवस तू रक्ताला विचारलंस, पोटाला विचारलंस, नळीला विचारलंस. जिला ठाऊक आहे तिला सोडून सगळ्यांना विचारून झालं. आता तिकडे जा, मग माझ्याकडे ये.”

दुपारी शिष्या धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात गेली. शेगड्या विझल्या होत्या. कौसाबाई पातेली घासत बसली होती. डॉक्टरला तिथे पाहून ती लगबगीने उठू लागली, पण शिष्या तिच्याशेजारी खालीच बसली.

“कौसाबाई, एक विचारू? काकांना खरंच वासावरून मीठ कळतं असं वाटतं तुम्हाला?”

कौसाबाई हसली. “अवो म्याडम, तीस वर्सं चुलीम्होरं बसलेय मी. मिठाला वास न्हाई येवढं मला ठावं नसंल व्हय?”

“मग काकांना?”

“त्यांनाबी ठावं हाये.”

 मोठ्या शोधासारखी शिष्येने जी गोष्ट सांगितली, ती त्या दोघांना आधीपासून ठाऊक होती. राखेचा हात धुऊन कौसाबाई सांगू लागली.

“मी लगीन हून आले तवा सोळा वर्सांची हुते. पयल्याच आठवड्यात आमटी खारट केली. सासूबाई लई बोलल्या, धा मान्सांत. म्हायेराचंबी काढलं. दुसऱ्या दिशीपास्नं ह्यांनी काय केलं ठावं? समद्यांच्या आदी पयला घास खायाचा आन बोट वर करायचं. बराबर हाये. खारट आसलं तरी बराबर, आळणी आसलं तरी बराबर. गिरनीवाला पोरगा, घरात त्याच्या शब्दाला किंमत. त्यानं बोट वर केलं की मंग कुनी कायबी बोलायचं न्हाई. सासूबाई गेल्या, दीर येगळे झाले, पर ह्यांचं बोट काय खाली आलं न्हाई. आमच्यात दुसरं बोलनं कमीच बगा.”

तिने घासलेली पातेली पालथी घातली.

“आपरेशन झालं. पयल्यांदा नळीतून द्यायचं हुतं त्या दिशी मी पातेली घिऊन हुबी ऱ्हायले आन मला रडूच फुटलं. आता कुनासाटी चव बगायची? तर ह्यांनी हातानं जवळ बलीवलं, वास घेतला, आन बोट वर केलं. त्या दिशी मला वाटलं, मानूस हाये माझा. समदा हाये.”

“आणि मी सांगितलं, मिठाला वास नसतो.”

“तुमी खरंच बोलला, म्याडम. तुमचा काय दोस न्हाई.” कौसाबाईने पदर सारखा केला. “पर बाजूचे हासले ना. ह्यांना वाटलं, समद्यांना कळलं आता, ह्यो बुवा उगाच बोट वर करतोय. लाजले ते.”

 शिष्येचे डोळे भरून आले, आणि ते तिने लपवलेही नाहीत. गेल्या चार दिवसांत तिने ताप शोधला, जंतू शोधला, नळीतला अडथळा शोधला. लाज ही गोष्ट तिने शोधलीच नव्हती.

संध्याकाळी ती सरांच्या खोलीत गेली आणि ऐकलेलं सगळं सांगितलं.  ती थांबल्यावर ते म्हणाले, “तू चुकीचं बोलली नाहीस. घाईने बोललीस. तुझं कुतूहल चांगलं आहे, पण ते पहिल्या उत्तरापाशीच पोट भरून परत येतं. मिठाला वास नसतो हे कळल्यावर खरा प्रश्न सुरू होतो, की मग हा शहाणा माणूस रोज वास कशाचा घेतो? रुग्णाच्या खाटेशी एखादी गोष्ट निरर्थक दिसली, तर समजावं की तिचा अर्थ अजून आपल्यापर्यंत पोचलेला नाही. तू मला विचारलं होतंस, या धावपळीला अर्थ काय. तो माझ्या कपाटात नाही, बाळ. तो रोज साडेबाराला पातेलीतून तुझ्यासमोरून जात होता. आपण शस्त्र चालवतो, शेक देतो, नळ्या घालतो, ते कशासाठी? ज्या माणसाने आयुष्यभर बोट वर केलं त्याला आणखी काही दिवस ते वर करता यावं यासाठी. नुसते दिवस वाढवून आपण त्यांचं काय करणार आहोत?”

“आणि आपण खोटं बोललात ते?”

“मी हरलो,” सर म्हणाले. “चार दिवस त्याला भेटणारा प्रत्येक जण त्याच्यापेक्षा शहाणा होता. मला वाटलं, एकाने तरी त्याच्याकडून हरावं.”

ही गोष्ट मी जिथे जिथे सांगतो तिथे कुणीतरी विचारतंच, की पुढे तो तुळशीराम वाचला का? सांगतो. सोमवारी शेक ठरल्यावेळी सुरू झाला, साचाही चेहऱ्यावर बसला. शेक पूर्ण करून तो घरी गेला आणि चौदा महिने जगला. त्यातले दहा महिने गिरणीवर बसून. मग रोग उलटला. कुणाला हे थोडं वाटेल. कौसाबाईला विचाराल तर ती थोडं म्हणणार नाही. पण मला ही गोष्ट तिथे संपवायची नाही. मला सांगायचा आहे तो फेरीनंतरचा दुसरा दिवस.

त्या शनिवारी शिष्या साडेबाराला एकटीच तुळशीरामच्या खाटेशी गेली. पातेली आली, वास घेतला गेला, बोट वर झालं, सिरिंज रिकामी झाली. ती पूर्ण वेळ बाजूला उभी होती. मग म्हणाली, “काका, मी त्या दिवशी चुकले. माफ करा मला.”

 तुळशीरामने उशाशी हात घालून पाटी ओढली आणि वेडीवाकडी अक्षरं काढली: ‘जेवल्या का’.

ती सकाळपासून जेवली नव्हती. तिने खोटं सांगण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. तुळशीरामने बायकोला खूण केली. कौसाबाईने स्वतःसाठी बांधून आणलेलं फडकं सोडलं, अर्धी भाकरी काढली, तिच्यावर न वाटलेलं पिठलं ठेवलं आणि शिष्येच्या हातात दिलं. वॉर्डात बसून जेवायचं नसतं हा नियम तिनेच इतरांना कितीदा तरी सांगितला होता. ती स्टुलावर बसली आणि तिने घास घेतला.

तुळशीराम तिच्या तोंडाकडे एकटक बघत होता. त्याने पाटी पुसली, पुन्हा लिहिलं: ‘कसं झालंय’.

“छान,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली. एवढ्याने त्याचं भागत नव्हतं. त्याने हाताने खूण केली: सांग, नीट सांग.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, हा माणूस काय मागतोय ते. साठ औषधांच्या मात्रा तिला तोंडपाठ होत्या, पण पिठल्याची चव शब्दांत कशी सांगायची हे कुणी शिकवलं नव्हतं. तिने दुसरा घास घेतला, डोळे मिटून सावकाश चावला. “आधी लसूण लागतो,” ती म्हणाली. “जरासा करपलेला. मग डाळीचं पीठ येतं, टाळूला चिकटतं. मिरची लगेच कळत नाही. थांबून येते, इथे, घशाशी. आणि भाकरी कडेला जिथे काळी झालीय ना, तिथे गोड लागते.”

तुळशीरामने डोळे मिटले होते. ऐकता ऐकता त्याचा गळा हलला, आवंढा गिळताना हलतो तसा. शस्त्रक्रियेनंतर गिळण्याची खूण दिसली, की ती ताबडतोब फाईलमध्ये नोंदवायची असते. ती नोंद करायला उठली नाही. तिने पुढचा घास आणखी लहान केला, म्हणजे भाकरी जास्त वेळ पुरेल, आणि पुन्हा सांगायला लागली.